प्रश्नोत्तरे : हे कसलं संशोधन?

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. फिजिक्स झाली. आता विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करायची म्हणते. नातेवाईक म्हणतात, हे तर बी.एड.चं काम, यात संशोधन ते काय? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, बी.एड. शिकवायला शिकवतं. इथे मूल मनात काय धरून बसलंय ते शोधायचं असतं. मी एकदा सातवीच्या वर्गात विचारलं, चंद्राच्या कला का दिसतात? ‘पृथ्वीची सावली पडते!’ पुस्तकात तसं नव्हतं, बाईंनीही तसं सांगितलं नव्हतं. मग खिडक्या झाकून एकच बल्ब लावला, तो सूर्य. एका मुलीला काडीला टोचलेला चेंडू, म्हणजे चंद्र, डोक्याहून जरा उंच धरून जागच्या जागी फिरायला लावलं; तिचं डोकं म्हणजे पृथ्वी. चेंडूवर उजेडाची कोर दिसली तशी ती थबकली. ‘बाई, सावली तर पडलीच नाही!’ हाच गैरसमज जगभरच्या मुलांत सापडतो. तो कुठून येतो, कशाने हलतो, याचा शोध वर्षानुवर्षं चालतो.

मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआर) होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं. तिथे या विषयात पीएच.डी. होते. एम.एस्सी. वाया जाणार नाही; उलट विषय पक्का असेल तरच मुलांची चूक नेमकी कळते. लेकीला जाऊ द्या.