मसल कारमधला उंदीर

प्रश्न असा आहे: "२००८ नंतरच्या डॉज चॅलेंजरला 'क्लासिक मसल कार' म्हणावं, 'व्हिंटेज' म्हणावं की 'रेट्रो'? आणि 'मसल कार'ला चांगला मराठी शब्द कोणता?"

मसल कार म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन घातलेली अमेरिकन गाडी. डॉजची चॅलेंजर मूळची १९७० ची, २००८ मध्ये तिचाच चेहरा घेऊन नवी आली. पहिल्या भागाचं उत्तर: रेट्रो. जुन्याची आठवण करून देणारी नवी वस्तू ती रेट्रो, स्वतःच जुनी झालेली आणि तरी मान टिकवून असलेली ती क्लासिक. यात अवघड काहीच नाही. तरीही फोर्डने २०१६ पासून भारतात विकलेल्या मस्टँगचा व्हिडिओ टाकून खाली 'व्हिंटेज मसल' लिहिणारे रोज दिसतात. 'व्हिंटेज' हा मुळात द्राक्षांच्या तोडणीचा शब्द. गाड्यांच्या बाबतीत ब्रिटिश रिवाजाने १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांनाच तो लावतात. आपल्या सरकारने मात्र २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून वेगळीच व्याख्या केली: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी. त्यामुळे १९७० ची चॅलेंजर शौकिनांच्या लेखी क्लासिक आणि आरटीओच्या लेखी व्हिंटेज. दोघंही आपापल्या जागी बरोबर. २००८ च्या गाडीला मात्र आरटीओचा हा मान मिळायला २०५८ उजाडावं लागेल.

आता 'मसल'कडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. कोश 'मसल म्हणजे स्नायू' एवढं लिहून पुढच्या शब्दाकडे वळतात. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर. त्याला लघुत्वाचा प्रत्यय लागला की 'मुस्कुलुस', म्हणजे पिटुकला उंदीर. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी सरकतं, ते रोमन माणसाला उंदरासारखं दिसलं. ग्रीकांनी प्रत्ययाचीही तसदी घेतली नाही, त्यांचा 'म्यूस' उंदीरही आणि स्नायूही. आपल्याला त्याच जागी बेडूक दिसला, म्हणून तालमीतल्या पोराच्या दंडात बेटकुळी उठते. प्राणी बदलला तरी कल्पना तीच: वरून साधी कातडी, आत काहीतरी जिवंत.

लॅटिन 'मूस' आणि आपला 'मूषक' हे एकाच घरातले, याबद्दल वाद नाही. वाद पुढे आहे. आपल्या परंपरेने मूषक 'मुष्' धातूपासून काढला. धातुपाठात 'मुष स्तेये', म्हणजे चोरणे. उंदीर हा चोर. त्याच धातूवरून साधलेल्या 'मुष्क' शब्दाचे अर्थ संस्कृत कोशांत पाहा: वृषण, धट्टाकट्टा माणूस आणि चोर. उंदीर, दंडाची ताकद आणि चोरी एका मुठीत! पाश्चात्त्य व्युत्पत्तिकारांपैकी अनेक जण इथे नाक मुरडतात. उंदराचा शब्द आणि चोरीचा धातू यांचा संबंध सिद्ध होत नाही, ही लोकव्युत्पत्ती आहे, असं त्यांचं म्हणणं. ध्वनिनियमांचा त्यांचा आग्रह मान्य. पण स्नायूला उंदीर म्हणणं ज्यांना विनातक्रार पटतं, त्यांना उंदराला चोर म्हणताना एवढा संकोच का वाटावा?

आणि मसल कारचा जन्म चोरीतूनच झाला, हे या मंडळींनी लक्षात घ्यावं. जनरल मोटर्सचा घरचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिअ‍ॅक या जनरल मोटर्सच्याच शाखेचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ च्या मॉडेलसाठी ३८९ घनइंचांचं, ६.४ लिटरचं इंजिन टेम्पेस्ट ल मान्स या आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत बसवलं. नवी गाडी म्हणून दाखवली असती तर वरिष्ठांनी अडवली असती. म्हणून सुमारे ३०० डॉलरांचं 'ऑप्शन पॅकेज' म्हणून ती यादीत सरकवली आणि नाव दिलं जीटीओ. हे नावही फेरारीचंच उचललेलं! चार तोंडांच्या एका कार्ब्युरेटरसह ३२५ अश्वशक्ती, दोन तोंडांचे तीन कार्ब्युरेटर घेतले तर ३४८. सुरुवातीला ५,००० गाड्यांपुरती परवानगी मिळाली होती, त्या वर्षी ३२,४५० खपल्या. बाहेरून बघितली तर शेजाऱ्याच्या कौटुंबिक टेम्पेस्टची सख्खी बहीण. कातडी साधी, आत चोरून आणलेला उंदीर. माझ्या मते मसल कारची व्याख्या हीच, आणि या व्याख्येत बॉडीच्या आकाराला काडीचं स्थान नाही.

१९४९ च्या ओल्ड्समोबिल रॉकेट ८८ ला पहिली मसल कार म्हणणारा एक पंथ आहे. ३०३ घनइंच, १३५ अश्वशक्ती, त्या काळाच्या मानाने हलकी बॉडी, सगळं खरं. पण ते इंजिन कंपनीने उघडपणे, जाहिरात करून घातलं होतं. त्यात चोरी कुठे आहे? तिला मसल कारची आजी म्हणा, आई म्हणू नका. आणि हो, साठच्या दशकातली अमेरिकन मासिकं या गाड्यांना बहुधा 'सुपरकार' म्हणत. 'मसल कार' हे नाव नंतर पक्कं झालं. नाव ठेवणाऱ्याने लॅटिनचा विचार केला होता, असा माझा दावा नाही.

पण उंदीर अमेरिकन गाड्यांच्या माहेरी, डेट्रॉइटला येऊन पोचलाच. शेव्हरोलेटच्या १९५५ पासूनच्या छोट्या ब्लॉकच्या व्ही-८ ला, म्हणजे इंग्रजी 'व्ही'च्या आकारात आठ सिलिंडर असलेल्या इंजिनाला, मेकॅनिक 'माऊस' म्हणतात आणि १९६५ मध्ये आलेल्या मोठ्या ब्लॉकला 'रॅट', म्हणजे घूस. १९६९ ची शेव्हरोलेट कॅमेरो दाखवून "यात माऊस आहे की रॅट?" असं विचारलं जातं तेव्हा ३०२ किंवा ३५० घनइंच की ३९६, एवढाच प्रश्न असतो. 'मुस्कुलुस'च्या पोटात पुन्हा 'मूस'!

नव्या-जुन्याची तुलना इथून करावी. २०१० ची कॅमेरो १९६९ च्या गाडीचा चेहरा घालून आली, पण तिचा प्लॅटफॉर्म, म्हणजे खालचा सांगाडा, ऑस्ट्रेलियात होल्डनने घडवलेला आणि गाडी जोडली जायची कॅनडात, ओशावाला. वर चढवलेली खिडक्यांची रेघ आणि चिंचोळ्या काचा यांमुळे मागचं धड दिसत नाही, ही तक्रार त्या गाडीला पहिल्या दिवसापासून चिकटली. तरी तिच्यातलं ६.२ लिटरचं एलएस-३ इंजिन बघा: शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यरेषांतलं अंतर ४.४ इंच, १९५५ च्या माऊसमध्ये होतं तेवढंच. चेहरा नक्कल, उंदीर अस्सल.

चॅलेंजरचं उलट. कॅमेरो, चॅलेंजर आणि मस्टँग या तीन रेट्रो गाड्यांत चेहऱ्याने तीच मूळ गाडीच्या सर्वांत जवळची. पण १९७० च्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर, ११० इंच, २००८ च्या गाडीचा ११६, कारण खाली मोठ्या सेडानचा प्लॅटफॉर्म कापून वापरलाय. वजन सुमारे १,८८० किलो. जुन्या हार्डटॉपला दाराच्या मागे खांबच नव्हता, काचा खाली केल्या की सगळी बाजू मोकळी. नवीत खांब आहे, काळ्या रंगात लपवलेला. 'हेमी' हे डॉजच्या मालक कंपनीच्या, क्रायस्लरच्या, अर्धगोल ज्वलनकक्षाच्या इंजिनाचं नाव. तेसुद्धा आता कुळाचं नाव म्हणून उरलंय. २००३ पासूनच्या हेमीचा ज्वलनकक्ष पूर्ण अर्धगोल नाही, दोन्ही कडांना चपटा आहे आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आहेत.

इथे 'अश्वशक्ती'च्या गैरवापरावर बोललंच पाहिजे. "१९७० ची हेमी ४२५, २००८ ची चॅलेंजर एसआरटी-८ पण ४२५, मग फरक काय पडला?" हे वाक्य फार ऐकू येतं. १९७० चा आकडा 'ग्रॉस' आहे: इंजिन स्टँडवर, एअर क्लीनर नाही, अल्टरनेटर आणि पंख्याचा भार नाही, एक्झॉस्ट मोकळा. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या 'नेट' आकडा देऊ लागल्या, म्हणजे गाडीत असतं ते सगळं लावून मोजलेला. क्रायस्लरने १९७१ मध्ये त्याच ४२६ घनइंच हेमीचा नेट आकडा ३५० दिला होता. म्हणजे २००८ ची ४२५ ही जुन्या ४२५ पेक्षा ७५ अश्वशक्तींनी जास्त, तीही आकाराने लहान, ६.१ लिटर इंजिनातून. ग्रॉस की नेट हे सांगितल्याशिवाय अश्वशक्तीची तुलना करणाऱ्याशी वाद घालू नये.

थांबण्याच्या बाबतीत तर तुलनाच नको. १९६४ च्या जीटीओला चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम. एकदा जोरात थांबवली की ड्रम तापतात, दुसऱ्या वेळी पेडल दाबूनही पकड येत नाही. २००८ च्या चॅलेंजरला पुढे ३६० मिलिमीटरच्या डिस्क आहेत.

जुन्या गाडीचं आजारपणही वेगळं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे कॅमवर, तिच्यात सपाट टॅपेट (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे तुकडे) घासतात, त्यांना ऑइलमधलं जस्त आणि फॉस्फरस वाचवतात. आजच्या पातळ ग्रेडच्या ऑइलमध्ये फॉस्फरस ८०० पीपीएमपर्यंतच (दहा लाखांत ८०० भाग) ठेवतात, कारण त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. तेच ऑइल जुन्या इंजिनात ओतलं तर कॅमचे उंचवटे झिजून सपाट होतात. म्हणून जस्त जास्त असलेलं ऑइल घ्यायचं, आणि नवा कॅम बसवला की पहिली वीस मिनिटं इंजिन २,००० ते २,५०० आरपीएमवर ठेवायचं, आयडलवर मुळीच नाही. शिसं नसलेल्या पेट्रोलवर जोरात चालवायची असेल तर हेडला कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्या. इग्निशनच्या पॉइंटचा डवेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तो कोन, जनरल मोटर्सच्या व्ही-८ ला ३० अंश. पॉइंटचा फायबरचा ठोकळा झिजला की फट कमी होते, डवेल वाढतो, टायमिंग मागे पडतं आणि मालक उगाच कार्ब्युरेटर खोलून बसतो. नव्या गाड्यांत रोलर टॅपेट असल्याने जस्ताची ही काळजी नाही, पण काही ५.७ आणि ६.४ लिटर हेमींत रोलरची बेअरिंगच जाते आणि रोलर कॅम खातो. टिकटिक आवाज ऐकू आला तर रेडिओचा आवाज वाढवून गाडी दामटू नये.

मस्टँग राहिली. मूळ मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आली, पायाभूत इंजिन १७० घनइंच, सहा सिलिंडर, १०१ अश्वशक्ती. ही मसल कार नव्हे, पोनी कार, म्हणजे छोटी, ऐटबाज गाडी. मोठं इंजिन घातलेल्या मस्टँगबद्दल भांडायला माझी हरकत नाही. २००५ च्या रेट्रो मस्टँगने मागचा अखंड धुराही ठेवला होता, तो २०१५ च्या मॉडेलला गेला, म्हणजे पोटातूनही ती थोडी जुनीच होती. शब्द मात्र झकास. मेक्सिकन स्पॅनिशमधल्या 'मेस्तेन्यो'वरून तो इंग्रजीत आला. त्याच्यामागे स्पेनमधली 'मेस्ता', म्हणजे पशुपालकांची संघटना, जिच्याकडे भटकी जनावरं जमा व्हायची. 'मेस्ता' लॅटिन 'मिक्स्ता'वरून, म्हणजे मिसळलेली. लॅटिनचं हे 'मिक्स' आणि संस्कृत 'मिश्र' एकाच मुळाचे, आणि 'मिश्र'पासून आपली 'मिसळ'. मस्टँग आणि मिसळ लांबच्या चुलतबहिणी आहेत, कोणी काही म्हणो.

विकत घेताना चालणारे शब्दही नीट वापरा. जुन्या कॅमेरोत नवं एलएस इंजिन, नव्या डिस्क, नवा गिअरबॉक्स घातला की ती 'रेस्टोमॉड'. साध्या ल मान्सला जीटीओची चिन्हं लावली की 'क्लोन'. विक्रेत्यांच्या तोंडी 'ट्रिब्यूट', म्हणजे तेच पण महाग. मूळ इंजिन मूळ गाडीतच असेल तर 'मॅचिंग नंबर्स'. १९६४ आणि १९६५ ला जीटीओ हे नुसतं पॅकेज असल्याने गाडीच्या क्रमांकावरून ती अस्सल आहे की नाही कळत नाही, कारखान्याची कागदपत्रं लागतात. १९६६ पासून क्रमांकाची सुरुवात २४२ ने झाली पाहिजे. २३७ असेल तर ती ल मान्स.

मराठी शब्दाबद्दल: 'स्नायुगाडी' सुचवणाऱ्यांनी तो एकदा मोठ्याने म्हणून बघावा, फिजिओथेरपीचं यंत्र वाटतं. 'बेटकुळी' मला आवडेल, पण गॅरेजमध्ये कुणी म्हणणार नाही. 'मसल कार'च ठेवा, स्त्रीलिंगी, आणि अनेकवचनातही 'मसल कार'. 'कार्स' लिहायची फार हौस असेल तर उरलेलं वाक्यही इंग्रजीतच लिहा.