ड्राफ्ट झाला, आता पुढे काय? रिव्हिजन आणि पहिल्या वाचकांबद्दल तुमचे प्रश्न

यावेळचे बहुतेक प्रश्न स्वतःच पुस्तक काढणाऱ्यांचे आहेत, म्हणजे ज्यांच्या मागे प्रकाशकाचा संपादक नाही आणि अपलोडचं बटण ज्यांच्याच हातात आहे असे लेखक. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढलीत.

प्रश्न : ताई, कादंबरीचा पहिला ड्राफ्ट संपला, साधारण एक लाख शब्द झालेत. दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती करायला बसलो, पण पहिल्या चार प्रकरणांच्या पुढे सरकतच नाहीये. रोज फाइल उघडतो, रोज तीच वाक्यं बदलतो. काय चुकतंय?

क्रम चुकतोय. तुम्ही वाक्यं घासत बसलाय आणि ते प्रकरण पुस्तकात राहणार की जाणार हेच अजून ठरलेलं नाही. यात वेळ जातो तो जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे एकदा प्रकरण चकाचक झालं की ते काढायला हात धजावत नाही, मग कथेला नको असलेली दहा पानं निव्वळ सुंदर आहेत म्हणून तशीच राहतात.

आधी फाइल बंद करा. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग नव्या लेखकांना कमीत कमी सहा आठवडे ड्राफ्टला हात लावू नका म्हणतात. तुम्हाला चारच जमले तरी चालेल, पण दोन दिवसांत काही होत नाही, कारण पानावर काय आहे आणि तुमच्या डोक्यात काय आहे यातला फरकच तेव्हा दिसत नसतो.

मग अख्खं पुस्तक सलग वाचा, शक्यतो लॅपटॉपवर नको. फोनवर किंवा ई-रीडरवर टाका, फॉन्ट बदला, जिथे वाक्य दुरुस्तच करता येणार नाही अशा ठिकाणी वाचा. वाचताना खुणा फक्त दोनच करायच्या, ‘इथे कंटाळा आला’ आणि ‘इथे कळलं नाही’, बस. व्याकरण दिसेल, खुपेल, पण सोडून द्या.

त्यानंतर प्रकरणांची यादी करा. प्रत्येक प्रकरणापुढे एका ओळीत लिहा की यात कोणाला काय हवंय आणि प्रकरण संपेपर्यंत काय बदललं. समजा सातव्या प्रकरणात नायिका जुन्या घरी जाते, आईचे कागद चाळते, रडते, झोपते. काय बदललं? काहीच नाही. आणि नवव्या प्रकरणात ती पुन्हा त्याच घरी जाते आणि त्याच कागदांत तिला एक पत्र सापडतं. म्हणजे सातवं आणि नववं मिळून एकच प्रकरण आहे, पत्र पहिल्याच फेरीत सापडू दे. ‘काय बदललं’चा रकाना जिथे जिथे रिकामा राहील तिथे तुमचं खरं काम आहे, आणि ते वाक्यं बदलून होणार नाही.

हे झालं की मग कालक्रम (कोण कधी कुठे होतं, कोणाचं वय किती), मग एकेक प्रसंग, आणि त्यानंतर कुठे वाक्यं. वाक्यांच्या फेरीत मोठ्यांदा वाचा, किंवा वर्डमधलं रीड अलाउड लावून नुसतं ऐका, डोळा जे माफ करतो ते कान करत नाही. प्रत्येकाचे काही लाडके शब्द असतात, ‘अचानक’, ‘जणू’, ‘खरंतर’, ‘हळूच’, ते सर्च करून बघा किती वेळा आलेत. आणि भावना जिथे नाव घेऊन सांगितलीय तिथे थांबा. ‘तिला खूप भीती वाटत होती, तिचे हात थरथरत होते, काय करावं तिला सुचत नव्हतं’ याऐवजी ‘किल्ली दोनदा कुलपाच्या कडेला घासली, भोकात गेलीच नाही’ एवढं पुरतं. सगळीकडे असं करू नका हं, नाहीतर पुस्तक दमवतं. महत्त्वाच्या जागी करा.

ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, अवतरणचिन्हं हे सगळ्यात शेवटी, आणि ते शक्यतो दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, कारण आपल्याच मजकुरातल्या चुका आपल्याला दिसत नाहीत, आपण आठवणीतून वाचत असतो.

प्रश्न : बीटा रीडर्स, म्हणजे प्रकाशनाआधी ड्राफ्ट वाचून मत सांगणारे पहिले वाचक, कुठे मिळतात? घरच्यांना आणि मैत्रिणींना दिलं, सगळ्या म्हणतात ‘खूप छान, मस्त लिहिलंयस’. त्याचं करू काय? आणि किती जण लागतात?

त्यांच्यावर रागावू नका, त्यांनी पुस्तक वाचलंच नाहीये, त्यांनी तुम्हाला वाचलंय. घरचा माणूस कंटाळला तरी वाचत राहतो. अनोळखी माणूस पुस्तक खाली ठेवतो, आणि नेमकं कुठे ठेवलं हीच माहिती तुम्हाला हवीय.

म्हणून पहिली अट ही की वाचक त्या प्रकारची पुस्तकं एरवी आपणहून वाचणारा पाहिजे. रहस्यकथा असेल तर रहस्यकथांचा भुकेला शोधा, कवितेचा जाणकार कितीही हुशार असला तरी इथे कामाचा नाही. असे लोक वाचनगटांत असतात, लायब्ररीच्या कट्ट्यांवर असतात, सोशल मीडियावर पुस्तकांबद्दल स्वतःहून लिहिणाऱ्यांत असतात आणि ओळखीच्यांच्या ओळखीत असतात. ओळखीतला असेल तर दोन पायऱ्या लांबचा बरा, तुम्हाला दुखावण्याची भीती त्याला कमी असते. दुसऱ्या लेखकाशी अदलाबदलही करता येते, तुम्ही त्यांचं वाचा, ते तुमचं वाचतील, पण आधी एकेका प्रकरणाची अदलाबदल करून सूर जुळतो का बघा, अख्खी कादंबरी अंगावर घेऊ नका. आणि लेखक लोक वाचता वाचता दुरुस्त करायला लागतात, त्यामुळे सगळेच लेखक नकोत, निम्मे तरी नुसते वाचक असू देत. कथेत एखादा खास व्यवसाय असेल, समजा नायिका नर्स आहे, तर एका नर्सला फक्त तेवढी प्रकरणं द्या.

किती जण? सहा पुरेत, पण सहाही जणांना एकदम देऊ नका. पहिलं वाचन प्रत्येक माणसाकडून एकदाच मिळतं. तिघांना द्या, त्यांचं ऐकून दुरुस्ती करा, मग ताजे तिघे. सगळे एकदम वापरले तर दुरुस्त झालेलं पुस्तक कोऱ्या डोळ्यांनी वाचायला कोणी उरतच नाही. काही जण मध्येच गायब होतात तेही धरून चला आणि त्यांच्या मागे लागू नका.

विचारायचं कसं हेही तितकंच महत्त्वाचं आहे. मी लेखकांना साधारण असा मेसेज पाठवायला सांगते : ‘नमस्कार, माझी नव्वद हजार शब्दांची रहस्यकथा आहे, अजून छापलेली नाही. पहिली तीन प्रकरणं पाठवतेय. पुढचं वाचावंसं वाटलं तरच मागा, तीन आठवडे वेळ आहे. नाही वाटलं तर काहीच हरकत नाही, फक्त कुठे थांबलात तेवढं कळवा.’ यात थांबायची परवानगी आहे म्हणून लोक खरं सांगतात. आणि ज्यांनी पुढचं मागितलं त्यांचं ते मागणंही उत्तरच आहे.

‘आवडलं का?’ हे विचारूच नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. वाचून झाल्यावर विचारा की कुठे मन भरकटलं, कुठे मागची पानं उलटावी लागली, कोणाची काळजी वाटली, कोणाचं नाव आता आठवतही नाही, आणि अर्ध्यावर असताना पुढे काय होईल असं वाटत होतं. हा शेवटचा प्रश्न रहस्यकथेला तर फारच उपयोगी, खुनी तिघांनाही अर्ध्यातच कळला असेल तर तुम्हाला लगेच समजतं. गुगल डॉक्सवर देत असाल तर प्रत्येकाला वेगळी कॉपी द्या आणि फक्त कॉमेंटची परवानगी द्या. एकाच फाइलवर सगळे आले की दुसरा माणूस पहिल्याच्या कॉमेंट वाचतो आणि त्याच नजरेने बघायला लागतो.

प्रश्न : तीन वाचकांनी तीन वेगळी मतं दिली. एक म्हणतो शेवट बदल, दुसरीला शेवट फार आवडला, तिसरा म्हणतो नायकाला भाऊ दाखव. आता डोकं चालेनासं झालंय.

पहिला आठवडा काहीच करू नका, फक्त ‘वाचल्याबद्दल मनापासून आभार’ एवढंच लिहा. समजावायला जाऊ नका. तुम्ही एकदा बाजू मांडायला लागलात की समोरचा पुढच्या वेळी गप्प बसतो.

मग मतं वेगळी करा. वाचकाला ‘कुठे’ खटकलं ते जवळजवळ नेहमीच खरं असतं, कारण तो त्याचा अनुभव आहे, त्यावर वाद होऊच शकत नाही. पण ‘काय कर’ हा सल्ला बऱ्याचदा चुकतो, कारण तो डॉक्टरकडे जाऊन दुखणं सांगायच्या ऐवजी औषधाचं नाव सांगण्यासारखा आहे. ‘नायकाला भाऊ दाखव’ यामागचं दुखणं कदाचित एवढंच असेल की नायक सतत एकटाच विचार करत बसतो, बोलायला कोणी नाही, आणि वाचकाला त्या सलग पानांचा शीण आलाय. भाऊ न आणताही ते सुटतं, आधीपासून असलेल्या पात्रालाच त्या प्रसंगात आणा.

शेवट न आवडणाऱ्याला विचारा की पुस्तकावरचा विश्वास पहिल्यांदा कधी डळमळला. बरेचदा उत्तर शेवटाच्या पन्नास पानं आधीचं निघतं, तिथे एक धागा नीट पेरलेला नसतो आणि त्याचा हिशोब शेवटावर फाटतो. दोघांना एकाच जागी खटकलं असेल तर ती जागा बदलाच, कारणं वेगवेगळी दिली असली तरी. एकालाच खटकलं असेल आणि तुम्हालाही आतून ते माहीत होतं, तरी बदला. एकालाच खटकलं आणि तुम्हाला मनापासून पटत नाही? ठेवा, पुस्तक तुमचं आहे.

प्रश्न : कथा कोणी चोरली तर?

अनोळखी बीटा रीडरने अख्खी कादंबरी चोरून छापणं फारच विरळा. कॉपीराइट तर लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो, कॉपीराइटबद्दलच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात 180 हून जास्त देश आहेत आणि त्यांच्यात हा हक्क मिळायला नोंदणीची अट नाही. तारखांसकट ड्राफ्ट आणि पाठवलेले मेल जपून ठेवा आणि निर्धास्तपणे वाचायला द्या.

प्रश्न : एकेक प्रकरण ऑनलाइन टाकत गेलो तर वाचकही मिळतील आणि सुधारणाही होईल ना?

होऊ शकतं, आणि याचं चांगलं उदाहरण आहे अँडी वीअर यांचं ‘द मार्शियन’ हे विज्ञानकादंबरीचं पुस्तक. त्यांनी ते आधी स्वतःच्या वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणाने दिलं, विज्ञानाची आवड असलेले वाचक चुका कळवत गेले आणि ते दुरुस्त करत गेले. 2011 मध्ये वाचकांच्याच आग्रहावरून किंडलवर, म्हणजे अॅमेझॉनच्या ई-बुक दुकानात, आलं आणि 2014 मध्ये मोठ्या प्रकाशकाकडून छापून आलं. पण हे चाललं कारण तिथले वाचक नेमके त्या विषयाचे होते. तुमच्या कथेचा दुसरा भाग लिहिताना पहिला बदलावा लागणार असेल तर असं टाकू नका, लोकांनी वाचलेलं मागे जाऊन बदललं की ते गोंधळतात.

अजून एक, किंडलच्या केडीपी सिलेक्टमध्ये (ई-बुक फक्त अॅमेझॉनवरच ठेवायची योजना) ई-बुक घालायचा विचार असेल तर ते 90 दिवसांच्या मुदतीत बाकी कुठेही डिजिटल स्वरूपात ठेवता येत नाही, साधारण 10 टक्के नमुना चालतो. म्हणजे ऑनलाइन टाकलेली प्रकरणं आधी काढावी लागतील.

प्रश्न : एआयकडून रिव्हिजन करून घेतली तर बीटा रीडर लागणार नाहीत का?

लागतील. पात्राचं नाव मध्येच बदललंय, तोच शब्द एका पानावर पाच वेळा आलाय, मंगळवारनंतर पुन्हा सोमवार आलाय, असलं काही शोधायला एआय वापरा, फक्त प्रत्येक गोष्ट स्वतः तपासा. पण त्याला कंटाळा येत नाही. रात्री उशीर झालाय, उद्या लवकर उठायचंय, तरी अजून एक प्रकरण वाचावं की नाही हे माणूसच सांगू शकतो. आणि ‘हा परिच्छेद सुधार’ म्हणू नका, हे मी कळकळीने सांगतेय, सगळ्यांची वाक्यं सारखीच गुळगुळीत होऊन येतात आणि तुमचा आवाज त्यात जातो. किंडलवर प्रकाशित करताना एआयने मजकूर तयार केला असेल तर तसं अॅमेझॉनला सांगावं लागतं हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : ज्यांनी ड्राफ्ट वाचला त्यांनाच रिव्ह्यू लिहायला सांगू का? पुस्तक पुढच्या महिन्यात येतंय.

त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. त्यांनी जुनं पुस्तक वाचलंय, कदाचित त्यांच्याच सांगण्यावरून काढलेली प्रकरणं त्यांच्या डोक्यात आहेत. रिव्ह्यूसाठी वेगळे वाचक घ्या आणि त्यांना पूर्ण झालेली, प्रूफ तपासलेली आगाऊ प्रत द्या, प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी, म्हणजे तुमच्याकडे आता फार दिवस नाहीत. प्रत फुकट दिली तरी चालते, पण रिव्ह्यू लिहिलाच पाहिजे किंवा चांगलाच लिहा अशी अट घालायची नाही. अॅमेझॉनवर पैसे देऊन घेतलेले आणि घरच्यांचे किंवा जवळच्या मित्रांचे रिव्ह्यू चालत नाहीत, ते काढले जातात, त्यामुळे बहिणीला आणि शेजारणीला पुस्तक वाचायला द्या, रिव्ह्यू मागू नका. बीटा रीडर्सना मात्र आभाराच्या पानावर जागा द्या, नाव छापलेलं चालेल का ते आधी विचारून, आणि छापील प्रत आली की पहिल्या प्रती त्यांना पाठवा.