विहार की मठ?

प्रश्न असा आला आहे: इटलीतल्या मोंते कास्सिनोच्या डोंगरावर बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या संन्याशांची जुनी ‘अ‍ॅबी’ आहे. तिच्यावरचा मजकूर मराठीत आणताना ‘मठ’ फार हिंदू वाटतो, तर ‘विहार’ चालेल का?

माझ्या मते नाही. ‘विहार’ हा बौद्धांचा शब्द म्हणून नव्हे, अडचण त्याच्या अर्थातच आहे. विहार म्हणजे मुळात हिंडणं. पावसाळा संपला की जैन साधू ‘विहार करतात’, म्हणजे पायी पुढच्या गावाला निघतात. या पंथाचा संस्थापक संत बेनेडिक्ट याने साधारण 529 साली हा मठ उभारला आणि इथेच 73 प्रकरणांची नियमावली लिहिली. तिच्या पहिल्याच प्रकरणात मठामठांतून पाहुणचार झोडत फिरणाऱ्यांवर तो कडाडून तुटून पडतो. त्याच्या संन्याशाला एकाच जागी राहण्याची शपथ घ्यावी लागते. अशा माणसाच्या घराला विहार म्हणायचं म्हणजे कमालच! ‘मठ’ कुठल्या एका धर्माला बांधलेला नाही, आणि त्यात बसकण आहे.

त्याच न्यायाने ‘भिक्षू’ही नको. ही माणसं भिक्षा मागत नाहीत, हातांनी काम करून जगतात. ‘आश्रम’मध्ये ‘श्रम’ आहे खरा, पण आजच्या कानाला आधी वृद्धाश्रमच ऐकू येतो.

‘अ‍ॅबट’, म्हणजे अ‍ॅबीचा प्रमुख, यासाठी ‘मठाधिपती’ रूढ आहे, पण तो मला खटकतो. मूळ अरामी ‘अब्बा’, म्हणजे बाप. मराठी बायबलातलं ‘अब्बा, बापा’ आठवा. बेनेडिक्टही अ‍ॅबटची ओळख त्याच शब्दांनी करून देतो. आपल्याकडे मात्र ‘साहित्यातले मठाधिपती’ म्हटलं की हसू येतं. ‘मठप्रमुख’ बरा.

आता मजकुरातला इतिहास. हा मठ चार वेळा जमीनदोस्त झाला: सहाव्या शतकात लाँगोबार्ड या जर्मानिक टोळीने लुटला, 883 मध्ये सारासेनांनी, म्हणजे मुस्लिम हल्लेखोरांनी, जाळला, 1349 मध्ये भूकंपाने पाडला आणि दुसऱ्या महायुद्धात, 15 फेब्रुवारी 1944 रोजी, दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी. त्या दिवशी चौथी भारतीय डिव्हिजन याच डोंगरांत लढत होती. प्रत्येक वेळी तो त्याच जागी पुन्हा उभा राहिला. अनुवादात ‘नवा मठ’ असं लिहू नका. ‘मठ पुन्हा बांधला’ लिहा.

भाषाप्रेमींसाठी खरा ऐवज 960 सालचा आहे. मठाच्या जमिनीवरून दक्षिण इटलीतल्या कापुआ शहरात खटला चालला. दावा लॅटिनमध्ये लिहिला, पण साक्षीदारांनी शपथ घेतली ती बोलीत, आणि लेखनिकाने ती बोलीतच उतरवली: ‘साओ को केल्ले तेर्रे...’. बोली इटालियनच्या पहिल्या लेखी नोंदींत तिची गणना होते. अर्थ असा: मला ठाऊक आहे, त्या जमिनी, इथे सांगितलेल्या हद्दींप्रमाणे, तीस वर्षं संत बेनेडिक्टच्या पक्षाने ‘पोस्सेत्ते’. इथे ‘ताब्यात ठेवल्या’ नको. सातबाऱ्यावरचा ‘भोगवटा’ तयार आहे: ‘तीस वर्षं भोगवटा केला’. आणि भोगवटादार म्हणून मठाचं नव्हे, संताचं नाव घेतलंय. जमीन देवाच्याच नावावर असलेला देवस्थान इनामाचा उतारा पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.