बर्फ सुटल्यावर लेकमध्ये उतरताना

चि. तुला अनेक आशीर्वाद.

लेक मिनेटोंकाचा बर्फ साधारण एप्रिलच्या मध्यावर सुटतो. तेव्हा मिनीआपोलिसची हवा एखाद्या दुपारी १८ अंशांवर जाते आणि नुसत्या शर्टावर कयाक काढावीशी वाटते. पाणी मात्र ४ अंशांच्या आसपासच असतं. ४ अंशांचं पाणी सर्वांत जड. वरचा थर तेवढा तापला की खाली बसतो आणि खालचा गार थर वर येतो. अख्खा लेक तेवढा होईपर्यंत वरचं पाणी ऊब धरतच नाही. म्हणून कपडे हवा बघून नाही, पाणी बघून घालायचे. घामाघूम झालास तरी चालेल.

म्हणजे ड्रायसूट, अंगभर चढवायचा जलरोधक पोशाख. तो फक्त पाणी बाहेर ठेवतो. ऊब आतल्या लोकरीची किंवा फ्लीसची, त्यामुळे आत सुती काही नको. सूट चढवल्यावर उकिडवा बस, अंग आवळून घे आणि गळ्याचं लॅटेक्स गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी घट्ट रबरी पट्टी, बोटाने जरा ओढ. कोंडलेली हवा फुस्सकन निघते. ती राहिली तर पाण्यात पाय फुग्यासारखे वर येतात. मग चेन शेवटच्या दातापर्यंत ओढ. लघवीसाठीची खालची चेन सोबत्याकडून तपासून घे, घाईत तीच अर्धवट राहते. वरून लाइफ जॅकेट, त्याला शिट्टी आणि पाऊचमधला फोन. फोन होडीच्या कप्प्यात टाकलास तर होडी वाहून गेल्यावर तोही गेला.

मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट १-१०-१ सांगतात. पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास आवरायला, कारण पहिला श्वास दचकून आपोआप आत ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. पुढची १० मिनिटं हातपाय चालतात. शुद्ध हरपायला साधारण १ तास. तुझ्या हातात असतात ती मधली १० मिनिटंच. बोटं आखडल्यावर पॅडल फ्लोटचं, म्हणजे होडीत परत चढताना वल्ह्याला लावायच्या तरंगत्या पिशवीचं, बक्कलही लागत नाही. म्हणून काठापासून ५० मीटरच्या आतच राहा, आणि एकटा जाऊ नकोस.

उरलेला बर्फ वाऱ्यावर चालतो. सडलेल्या बर्फाच्या उभ्या कांड्या होतात. वल्हं टेकवलं की काचेच्या बांगड्यांसारख्या किणकिणत सुटतात. त्यातून वाट निघते. घट्ट तुकड्यावर मात्र होडीचं नाक चढवू नकोस. पुढचं टोक वर गेलं की होडी आडवी होते. निघण्याआधी वाऱ्याचा अंदाज बघ. दुपारी वारा फिरून तुझ्या रॅम्पकडे, म्हणजे होडी पाण्यात सोडायच्या उताराकडे, वाहणार असेल, तर सगळा बर्फ तिथेच गोळा होईल आणि परतायची वाट बंद. अशा दिवशी दुसरा रॅम्प शोध. पाणी मोकळं झालं की लून पक्षी लगेच येतात, त्यांना काठावरूनही बघता येतं.

पहिल्या दिवशी लांब जाऊच नकोस. कमरेएवढ्या पाण्यात, सोबती शेजारी उभा असताना, दोनदा उलटून परत होडीत चढ. स्प्रे स्कर्टचा, म्हणजे कमरेभोवतीच्या पाणी अडवणाऱ्या झाकणाचा, ओढायचा पट्टा बाहेरच हवा. बाहेर येऊन सूट काढ आणि बाह्यांत हात घालून बघ. मनगटाशी ओल लागली तर गॅस्केट चिरलंय. ते बदलेपर्यंत होडी गाडीवरच राहू दे.

तुझा काका