कानात घालायच्या इयरफोनला केवढा अ‍ॅम्प लागतो?

प्रश्न : नमस्कार सर, नवीन फोनला हेडफोन जॅकच नाहीये. माझे आयईएम (कानाच्या आत बसणारे इयरफोन) स्वस्तातलेच आहेत, रोध ३२ ओहम, संवेदनशीलता १०८ डीबी. अ‍ॅपलचं डाँगल, मूनड्रॉप डॉन प्रो आणि क्युडेलिक्स-५के या फोनला यूएसबी किंवा ब्लूटूथने जोडून इयरफोन लावायच्या तीन छोट्या यंत्रांत अडकलोय. मित्र म्हणतो २०० मिलीवॅटच्या खाली काही घेऊच नको, इयरफोन उघडतच नाहीत, म्हणजे पूर्ण ताकदीने वाजतच नाहीत. फोन अँड्रॉइड आहे, आणि ऐकणं बहुतेक डोंबिवली-दादर लोकलमध्ये.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मित्राला आधी विचारा की २०० मिलीवॅट घेऊन त्याला कानाचं करायचंय काय. हिशोब अगदी सोपा आहे, तुमच्या खोक्यावरचे १०८ डीबी म्हणजे १ मिलीवॅटला १०८ डीबी (काही कंपन्या १ व्होल्टचा आकडा छापतात, तो साहजिकच मोठा दिसतो, तेव्हा बारीक अक्षरं वाचा), आणि ३२ ओहमला १ मिलीवॅट द्यायला ०.१८ व्होल्ट पुरतात. पूर्ण १ व्होल्ट दिलात तर १२३ डीबी. जागतिक आरोग्य संघटना ८० डीबीला आठवड्याचे ४० तास ठीक म्हणते आणि पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा होत जातो, मग १२३ ला काय होईल ते बघा. आता समजा तुम्ही सरासरी ८० वर ऐकताय आणि मध्येच तबल्याची थाप २० डीबीने वर गेली, तरी झाले १००, म्हणजे मिलीवॅटचा सहावा हिस्सा. उरलेले १९९ आणि वर काही नुसते खिशात फिरवायचे.

बरं, जास्त ताकद असली तर असूदे की, बिघडतं काय, असं वाटेल. बिघडतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनला आवाजाच्या १५ पायऱ्याच असतात, दणदणीत डाँगल लावलं की दुसऱ्या पायरीला आवाज कमी आणि तिसरीला कान फाटतात, मधलं काही मिळतच नाही. शिवाय गेन (आवाज किती पट वाढवायचा ते) जास्त म्हणजे अ‍ॅम्पची स्वतःची खरखरही वर येण्याची शक्यता. मोठ्या हेडफोनचे लोक पॉवरबद्दल बोलतात ते त्यांच्या जागी बरोबर आहे, ३०० ओहमचा सेनहायझर असेल तर व्होल्टेज लागतंच, पण तेच वाक्य आयईएमला चिकटवून विकणाऱ्यांचा धंदा मस्त चाललाय.

आता तिघं. अ‍ॅपलचं डाँगल आवाजाला स्वच्छ आहे, खरखर जवळजवळ नाही, आउटपुट इम्पिडन्स (यंत्राचा स्वतःचा आतला रोध) साधारण १ ओहम, आणि पैशाच्या मानाने याच्यासमोर कोणी टिकत नाही. पण ते आयफोनवाल्यांसाठी. बऱ्याच अँड्रॉइडवर आवाज फारच बारीक येतो कारण डाँगलच्या आतला व्हॉल्यूम फोन पूर्ण उघडतच नाही, यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारख्या अ‍ॅपमधून उघडतो, पण यूट्यूब आणि स्पॉटिफाय आपले तसेच कुजबुजतात. आणि युरोपात विकला जाणारा प्रकार मुळातच अर्ध्या व्होल्टचा, त्यामुळे तिकडून कोणी आणून देणार असेल तर आधी विचारा.

डॉन प्रोला ३.५ मिमीचा नेहमीचा आणि ४.४ मिमीचा बॅलन्स्ड असे दोन्ही जॅक आहेत, अंगावरच व्हॉल्यूमची बटणं आहेत, ही बटणं मला फार सोयीची वाटतात कारण फोनच्या त्या १५ पायऱ्यांवर अवलंबून राहावं लागत नाही. ३.५ मधून २ व्होल्ट, ४.४ मधून ४. तुम्हाला ३.५ च पुरे, गेन लो ठेवा. बॅलन्स्ड केबलने आवाज "खुलला" असं लोक सांगतात तेव्हा बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच की व्होल्टेज दुप्पट, म्हणजे ६ डीबी मोठं, आणि मोठं ते आपल्याला चांगलंच वाटतं. दोन्ही एका पातळीवर आणून ऐका, मग बोलू.

क्युडेलिक्स महाग आहे, पण तुमच्या गर्दीच्या गाडीत मी तेच घेईन. ब्लूटूथवर चालतं, शर्टाला क्लिप करायचं, फोन आत खिशात, यूएसबी पोर्टातून वायर लोंबकळत नाही (डाँगल लावलेला फोन दरवाज्यात कोणाच्या बॅगेत अडकला की जॅक नाही, पोर्टच जातं). एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त तपशिलाचा आवाज पाठवायची पद्धत) आहे, माइक आहे, आणि इक्वलायझर यंत्रातच साठतो म्हणून कुठल्याही अ‍ॅपला लागू होतो. बॅटरी आहे म्हणजे कधीतरी म्हातारी होणार, ते धरून चला. बजेट नसेल तर डॉन प्रो. आणि दोन्हीच्या आधी फोमच्या इयरटिप्स घ्या, कानात सील नीट बसलं नाही की बेस गायब होतो आणि लोकलचा गोंगाट आत येतो, तो कुठलाच अ‍ॅम्प भरून काढत नाही.

प्रश्न : भावाने अमेरिकेतून त्याचे वापरलेले कॅम्पफायर अँड्रोमेडा पाठवलेत. माझ्या जुन्या पोर्टेबल अ‍ॅम्पवर शांत जागेत सुंसुं ऐकू येतं आणि आवाजही भावाच्या प्लेअरपेक्षा वेगळाच वाटतो. इयरफोन खराब आहेत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : इयरफोन ठणठणीत असणार. अँड्रोमेडा १२.८ ओहमचे आणि भयंकर संवेदनशील आहेत, जगात कुठे जरा खरखर असली की हे सांगणारच. आवाज बदलण्याचं कारण मात्र वेगळं. अनेक बॅलन्स्ड आर्मेचरवाल्या (आत चिमुकली पाती हलवून आवाज काढणाऱ्या) इयरफोनचं इम्पिडन्स सगळ्या स्वरांना सारखं नसतं. समजा कुठे ८ ओहम, कुठे ३०, आणि अ‍ॅम्पचं स्वतःचं आउटपुट इम्पिडन्स १० ओहम, तर ८ वाल्या जागी आवाज ७ डीबी पडतो आणि ३० वाल्या जागी अडीचच, म्हणजे साडेचार डीबीचा फरक, फुकटचा इक्वलायझर झाला. तेच १ ओहमच्या अ‍ॅम्पवर पाऊण डीबीसुद्धा होत नाही. म्हणून अ‍ॅम्पचं इम्पिडन्स इयरफोनच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी हवं असा ठोकताळा आहे, तुमच्यासाठी साधारण दीड ओहमच्या आत. अ‍ॅम्प विकायचा नसेल तर मध्ये आयफाय कंपनीचं आयईमॅच (इयरफोनकडे जाणारा आवाज कमी करणारा छोटा जोड) लावून बघा, खरखर दबते आणि व्हॉल्यूमची बटणंही वापरण्याजोगी होतात.

प्रश्न : डाँगल लावल्यावर चालतं, काढून तासाभराने लावलं की फोन ओळखतच नाही. डाँगल बदलून आणू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फोन ओप्पो, वनप्लस, रिअलमी किंवा विवो आहे का? यांच्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये सेटिंगमध्ये ओटीजी (फोनला यूएसबी वस्तू जोडायची सोय) असं एक बटण असतं, ते चालू करावं लागतं आणि १० मिनिटं काही जोडलेलं नसलं की आपोआप बंद होतं. ते चालू करा, मग डाँगल लावा. तरीही नाही ओळखलं तरच दुकानात जा.