वाचकांचे प्रश्न : "मॅडम, अमेरिकेच्या युद्धाचं आपल्याला काय?"

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आठवीला इतिहास शिकवते. पोरांना सनावळ्या पाठ आहेत, पण अमेरिकेतलं यादवी युद्ध सांगितलं की "त्याचं आपल्याला काय" म्हणतात. संदर्भ कसा जोडून द्यायचा?

उत्तर : मॅडम, पोरांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, तोच धरून पुढं जा. त्यांच्या घरी कापूस आहे ना, मग तिथूनच सुरू करा. 1861 ला युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि त्यांची नजर वळली आपल्याकडे, वऱ्हाड तर 1853 पासून इंग्रजांच्याच ताब्यात होतं. भाव चढला, आणि 1865 ला युद्ध संपलं तसा पडला.

पण हे सगळं एका दमात सांगू नका, शेवट लपवून ठेवा. मी वर्गात म्हणायचो, 1864 चा मृग आहे, भाव चढलेला आहे, तुमच्या वावरात पऱ्हाटी (म्हणजे कापूस) किती अन् ज्वारी किती लावता ते वहीत लिहा. बहुतेक पोरं सगळी पऱ्हाटीच लिहायची. एका पोरीनं अर्धं वावर ज्वारीला ठेवलं, म्हणाली, सर, घरात दाणा तर पाहिजे ना. मग मी फळ्यावर 1865 लिहिलं आणि वर्ग एकदम चिडीचूप. "तेव्हाचे लोक अडाणी होते" हे वाक्य त्या दिवसानंतर कोणाच्या तोंडून ऐकलं नाही, कारण त्या कास्तकाराला जेवढं माहीत होतं तेवढ्यावरच पोरांनीही पेरून पाहिलं होतं. मला तर संदर्भ म्हणजे हेच वाटतं.

अजून एक, सनांची पट्टी भिंतीवर लावा. नागपूरला रेल्वे आली 1867 ला, म्हणजे तेजी आधी अन् गाडी नंतर, हे पोरांना स्वतःच सापडू द्या. मग माल कसा गेला असेल, हा प्रश्न तेच विचारतात.

चिमूर-आष्टीच्या इंग्रजांविरुद्धच्या उठावालाही हेच करा. 16 ऑगस्ट 1942, त्याच्या आठच दिवस आधी मुंबईचा 'छोडो भारत' ठराव, मार्चमध्ये ब्रह्मदेशातलं रंगून जपान्यांनी इंग्रजांकडून घेतलेलं. 1947 कोणालाच दिसत नव्हतं तरी लोक बाहेर पडले, हे पोरांना नक्की सांगा.

फक्त तेव्हाचा भाव आजच्या भावाशी सरळ लावू देऊ नका. तेव्हा हमीभाव नव्हता, सावकार होता. भाव पडल्यावर त्याचं कर्ज कुठून फेडलं असेल, हे पुढच्या तासाला विचारा.