डायग्राममध्ये अरबी मजकूर टाकला की अक्षरं सुटी आणि उलटी का दिसतात? कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की दुबईच्या ग्राहकासाठी फ्लोचार्ट करताय, वर्डमधलं अरबी तिकडे चिकटवलं की त्याचा चुराडा होतो, आणि ऑफिसात कुणीतरी सांगितलंय की "स्क्रीनशॉट काढून चित्र म्हणून लावून टाक, कोण बघतंय." हे शेवटचं वाक्य वाचलं नसतं तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. कोण बघतंय ते सांगतो.

मी मस्कतला अकरा वर्षं ड्राफ्ट्समन होतो. गाव दापोली तालुक्यातलं. आमच्याकडे मराठी शाळा सुटली की पोरं मदरशात जायची, त्यामुळे मला अरबी वाचता येतं. समजत नाही. हा फरक गल्फमध्ये गेल्यावर रोज कुणाला तरी समजावून सांगावा लागायचा. मौलवीसाहेब छडीचं टोक अक्षरावर ठेवून सांगायचे की अठ्ठावीस अक्षरांपैकी अलिफ, दाल, झाल, रे, झे, वाव हे सहा जण आखडू आहेत. मागच्याचा हात धरतात, पुढच्याला देत नाहीत. बाकीचे दोन्ही हात धरतात. म्हणून एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला वेगळं, मध्ये वेगळं, शेवटी वेगळं आणि एकटं असलं की आणखी वेगळं. एवढं ज्याला माहीत आहे त्याला तुटलेलं अरबी लांबूनही खुपतं.

मस्कतच्या रुवी भागातली एक आठ मजली इमारत होती. खालच्या पंपरूमच्या भिंतीवर लावायचा बोर्ड मी काढत होतो: टाकी, फायर पंप, वर जाणारे राइझर पाइप आणि मजल्यामजल्यावरचे व्हॉल्व्ह. प्रत्येक व्हॉल्व्हला दोन ओळी, वर इंग्रजी, खाली अरबी. नंबर देण्याची पद्धत मजला, डॅश, क्रमांक. म्हणजे २-७ हा दुसऱ्या मजल्यावरचा सातवा. आणि ७-२ नावाचाही व्हॉल्व्ह होता, सातव्या मजल्यावरचा दुसरा. हे डोक्यात ठेवा.

व्हॉल्व्हला अरबीत सिमाम म्हणतात. साद, मीम, अलिफ, मीम. नीट लिहिलं तर पहिली तीन अक्षरं एकात एक गुंफलेली आणि शेवटचं मीम सुटं, कारण मध्ये अलिफ बसलाय आणि तो पुढच्याला हात देत नाही. आमच्या तेव्हाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये चारही अक्षरं सुटी पडली, आणि तीही डावीकडून मांडलेली. अरब माणूस उजवीकडून वाचणार, म्हणजे त्याला दिसणार मीम, अलिफ, मीम, साद. मामस. अशी बत्तीस ठिकाणी मामस.

याचं कारण तुम्हाला मराठीवरून लगेच कळेल. आपण "कि" लिहितो तेव्हा फाइलमध्ये आधी क जातो, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी अलीकडे आणायचं काम प्रोग्रॅमचं. ज्याला ते जमत नाही तो वेलांटी भलतीकडे टाकतो आणि जोडाक्षरांचे पाय मोडून ठेवतो; असले फ्लेक्स आपल्या प्रत्येक नाक्यावर आहेत. अरबीचं तसंच, फक्त कामं दोन. फाइलमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमानेच असतात. ती उजवीकडून मांडायची हे एक काम आणि शेजारी बघून प्रत्येकाचं रूप निवडायचं हे दुसरं. तुमचा प्रोग्रॅम दोन्हीत नापास आहे. तुमच्या वर्डच्या फाइलीत काही खोट नाही.

मी आमच्या सीनियरना दाखवलं. साहेब आपल्याच पुण्याचे, हुशार माणूस, हायड्रॉलिक्सची गणितं तोंडी करायचे. म्हणाले, "अरबी असंच दिसतं." मी म्हटलं, साहेब, नाही दिसत. तेव्हा त्यांनी एक साइट शोधून काढली. इकडे अरबी टाका, तिकडे आधीच जोडलेली आणि उलटी लावलेली अक्षरं बाहेर. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या जागतिक मानकात, जुन्या यंत्रणांशी जुळवून घेण्यासाठी अरबी अक्षरांची तयार रूपंही ठेवलेली आहेत, ही साइट तीच वापरते. स्क्रीनवर झकास दिसतं. पण ते अक्षरांचं सोंग आहे. साध्या अरबीत शब्द टाइप करून त्या पीडीएफमध्ये शोधा, बहुतेक वेळा सापडणार नाही. आणि तोच मजकूर एखाद्या शहाण्या प्रोग्रॅममध्ये उघडला की तो बिचारा नियमाने परत उलटवतो. तुम्हालाही कुणीतरी ही साइट सुचवेलच. नका वापरू.

तर सोंग लावलं. प्रिंट हातात घेतली आणि बघतो तर वरच्या इंग्रजी ओळीत २-७ आणि खालच्या अरबी ओळीत ७-२. परत गेलो. "साहेब, खाली नंबर फिरलाय."

"फिरला नाही. अरबी उजवीकडून वाचतात. उजवीकडून वाच, दोन-सातच आहे."

आणि गंमत म्हणजे नियमाप्रमाणे ते बरोबर होते. युनिकोडच्या दुहेरी दिशेच्या नियमांत अरबी अक्षरानंतर आलेले आकडे अरबी मजकुराचे मानले जातात. एका संख्येतले आकडे डावीकडूनच राहतात, १२ चे २१ होत नाहीत. पण दोन संख्यांच्या मध्ये डॅश आला की पहिली संख्या उजवीकडे बसते आणि दुसरी डावीकडे. "पान २ ते ७" अशा अर्थाने वाचणाऱ्याला तेच सोयीचं. स्लॅशचा, टिंबाचा आणि कोलनचा नियम वेगळा. "२/७" अरबीतही जागचं हलत नाही. हिब्रूमध्ये तर तोच डॅश असूनही संख्या फिरत नाहीत, म्हणून हिब्रूवर तपासून "आमचं उजवीकडून डावीकडे सगळं चालतं" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

पण मी त्यांना जे सांगत होतो ते एवढंच, की व्हॉल्व्हला साखळीने लटकवलेला पितळी बिल्ला असतो, त्यावर २-७ असं डावीकडून कोरलेलं आहे. माणूस तिथे नंबर वाचत नाही, ताडून बघतो. बोर्डावर जसं दिसलं तसं बिल्ल्यावर दिसलं की झालं. मी म्हटलं, डॅश काढू आणि स्लॅश घालू, प्रश्नच मिटेल. ते म्हणाले, "एका रेघेसाठी सगळ्या जॉबची ड्रॉइंग बदलू का?" आणि मग, चहाचा कप उचलता उचलता, "मदरशातलं अरबी वेगळं रे, हे टेक्निकल आहे."

मी जागेवर येऊन बसलो. बोर्ड गेला.

तीनेक महिन्यांनी दुसऱ्या मजल्यावर एक जोड गळायला लागला. मिसरी, म्हणजे इजिप्तचा, टेक्निशियन पंपरूममध्ये गेला, त्याने साहजिकच अरबी ओळ बघितली, सातव्या मजल्यावर चढला, ७-२ चा बिल्ला ताडला, चाक फिरवून बंद केला आणि वॉकीटॉकीवर "खलास" म्हणाला. खाली पाना लावून बसलेल्या पोराने जोड सोडला. फायर लाइनचं प्रेशर असतं, नळाची धार नव्हे. पोरगं चिंब झालं, कुणाला लागलं नाही, पण फायलींचे खोके आणि गालिचे गेले. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग मागवलं गेलं. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत "ड्रॉन बाय"समोर माझी आद्याक्षरं. "चेक्ड बाय" रिकामं, कारण अर्जंट होतं. खुलासा मी लिहिला.

बोर्ड पुन्हा झाला तेव्हाही स्लॅश घातला नाही. अरबी ओळीतून नंबरच काढून टाकले. म्हणजे सगळीकडे नुसतं सिमाम, सिमाम, सिमाम.

असो. तुमचा प्रश्न कोणतं सॉफ्टवेअर हा होता. ब्राउझरवर चालणारी बरीच चालतात, कारण त्यांत अक्षरं जोडायचं आणि दिशा लावायचं काम ब्राउझरच करतो. ड्रॉ.आयओ फुकट आहे. आकार निवडून उजवीकडच्या टेक्स्टच्या टॅबमध्ये लेखनाची दिशा उजवीकडून डावीकडे करा, आपोआपवर सोडू नका. आपोआप म्हणजे पहिलं अक्षर ज्या लिपीचं तिची दिशा, आणि तुमच्या डब्यातला मजकूर "एसएपी"सारख्या इंग्रजी अक्षरांनी सुरू झाला की सगळं वाक्य डावीकडचं होऊन बसतं, पूर्णविराम भलत्या टोकाला. त्यातून काढलेली एसव्हीजी (चित्राची फाइल) मात्र दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडताना जपा, मजकूर गायब होऊ शकतो. ग्राहकाला पीडीएफच द्या. व्हिजिओत आधी मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या भाषांमध्ये अरबी चालू करावं लागतं, मग परिच्छेदाची दिशा मिळते. इंकस्केप ठीक आहे. ऑटोकॅडमध्ये एसएचएक्सचे रेघांचे फाँट सोडून ट्रूटाइप घ्या. कुठलाही प्रोग्रॅम विकत घेण्याआधी एकच शब्द टाका, सिमाम, आणि तुकडे मोजा. दोन आले तर घ्या, चार आले तर पळा.

अरबीसोबत डॅशवाले नंबर आलेच तर आकड्यांच्या लगेच आधी लेफ्ट-टू-राइट मार्क घाला. हे न दिसणारं चिन्ह आहे. वर्डमध्ये दोन, शून्य, शून्य, ई टाइप करून ऑल्ट आणि एक्स एकदम दाबलं की येतं, तिथून उचलून न्या. पण हे फक्त इंग्रजी आकड्यांना लागू. ग्राहकाला अरबी वळणाचे आकडे हवे असतील तर या चिन्हाने भागत नाही, तिथे स्लॅशच. (त्या आकड्यांत पाच हा हुबेहूब आपल्या शून्यासारखा आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. पन्नास लिहिलेलं आपल्याला शून्य आणि पूर्णविराम वाटतं. तपासणारा मराठी असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा.)

आणि तुम्ही जे विचारलंच नाही ते: बाणांचं काय? फ्लोचार्टमध्ये नुसती लेबलं अरबी करून प्रवाह डावीकडून उजवीकडे ठेवणं म्हणजे मराठी पुस्तक मागून बांधण्यासारखं आहे. पहिला डबा उजवीकडे हवा. मर्मेड किंवा ग्राफविझमध्ये लिहून डायग्राम काढत असाल तर दिशेला आरएल (उजवीकडून डावीकडे) दिलं की झालं. हाताने काढला असेल तर रडत रडत आरसा करा, आणि आरसा केल्यावर लोगो आणि घड्याळं सरळ करायला विसरू नका. पण पाइपिंगचं, इमारतीचं, कशाचंही प्रत्यक्ष जागा दाखवणारं ड्रॉइंग असेल तर आरसा अजिबात नाही. पंप ज्या भिंतीला आहे त्याच भिंतीला राहतो, भाषा कोणतीही असो. माझ्या साहेबांनी एकदा प्लॅनही फिरवायला सांगितला होता, तो किस्सा राहू दे.

माझा हा अनुभव २०१४ च्या आसपासचा आहे, त्यानंतर बरेच प्रोग्रॅम सुधारलेत. साहेबांवर मी जरा जास्तच घसरलोय. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बत्तीस लेबलं आणि उद्याची डेडलाइन बघून हेच म्हटलं असतं, कदाचित. मदरशाचं सोडून. आणि मला अरबी अजूनही समजत नाही, तेव्हा ग्राहकाकडच्या कुणातरी अरबी वाचणाऱ्याला प्रिंट दाखवल्याशिवाय पाठवू नका. फाइल नको, प्रिंटच दाखवा.

फाँटचं राहिलं. नोटो नस्ख अरबी फुकट आहे आणि लहान डब्यात नीट वाचता येतो. भिंतीवर लावायचं असेल तर नोटो कुफी, तो जाडसर आणि कोनाकोनाचा आहे, लांबून दिसतो. अक्षराचा आकार इंग्रजीपेक्षा एखादा-दोन पॉइंट मोठा ठेवा, नाहीतर अक्षरांचे वरखालचे नुक्ते, म्हणजे टिंबं, एकमेकांत मिसळतात आणि बे, ते, से तिन्ही सारखेच दिसायला लागतात.